सकाळी गेलेला

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई भेटल्या. "आज लवकर सुटका झाली वाटतं," त्या म्हणाल्या आणि मी हसलो. मुद्दाम हसलो असं नाही. शेजाऱ्यानं काही म्हटलं की येतं तसं हसू आलं आणि मी त्याला येऊ दिलं. पण बाईंच्या खांद्यावरून लिफ्टचा आरसा दिसत होता आणि आरशातला माणूस हसला नव्हता. शर्ट माझा होता, हातातली पिशवी माझी होती, टक्कलही दुर्दैवानं माझंच होतं. पण त्याचा वरचा ओठ मधोमध उचलला गेला होता, कोपरे जागचे हलले नव्हते आणि दात दिसत होते. भांडायला उठलेल्या माणसानं हसायचं सोंग आणावं तसं काहीतरी ते होतं. बाईंनी चटकन नजर काढून घेतली आणि मजल्यांचे आकडे बघायला सुरुवात केली. मी पुन्हा हसून पाहिलं. आतून मला हसू स्पष्ट जाणवत होतं, गालात, डोळ्यांच्या कडांना, नेहमी जिथे जाणवतं तिथेच. आरशातल्या माणसाला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं.

आमच्या दाराला घंटा आहे, पण तिला आवाज नाही. बटण दाबलं की स्वयंपाकघरात, बाहेरच्या खोलीत आणि न्हाणीघराच्या दारावर असे तीन दिवे एकदम लागतात. मी पाळण्यात होतो तेव्हा आईला मोठा ताप आला आणि तो जाताना तिचे कान घेऊन गेला. वडील टेलिफोनच्या तारा जोडण्याचं काम करायचे, त्यांनी घरभर तारा ओढून हे दिवे बसवले. माझं रडणं आईनं ऐकलंय, बोलणं कधीच नाही. माझा प्रत्येक शब्द तिनं माझ्या तोंडावरून वाचलेला आहे, ओठ, गाल, भुवया, हनुवटी असं सगळं मिळून. वडील म्हणायचे, तुझ्या आईला थाप मारायची असेल तर पाठ करून मार. तर दिवा लागला की आई येते, दार उघडते आणि म्हणते, "आलास?" समोर उभा आहे म्हणजे आलाच आहे, तरी इतकी वर्षं ती हे विचारत आली आहे. मग माझा चेहरा बघून दिवस कसा गेला ते समजून घेते आणि बाजूला होऊन मला वाट देते. त्या संध्याकाळी मी बटण दाबलं. दार उघडलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि शब्द तिथेच थांबला. "हो, आलो," मी म्हणालो, तरी ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग आपल्या त्या सपाट, जरा मोठ्या आवाजात, परक्याशी बोलतात तितक्या अदबीनं तिनं विचारलं, "कोण पाहिजे?"

मला वाटलं, थट्टा करतेय. तिला ती सवय आहे. मी अंग चोरून आत शिरलो, चपला नेहमीच्या जागी काढल्या, नेहमीच्या खुर्चीवर बसलो. ती दाराशीच उभी राहिली, दार उघडं ठेवून. बऱ्याच वेळानं तिनं मला पाणी आणून दिलं. "तुम्ही बसा," ती म्हणाली. "येईल तो एवढ्यात." स्वयंपाकघरात तिनं माझं ताट वाढलं आणि झाकून ठेवलं. मी भुकेनं कासावीस होऊन ते झाकण उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहून मी झाकण पुन्हा ठेवलं. सकाळी उठलो तेव्हा माझा चेहरा जागेवर होता. दात घासताना आरशात तो हलतही होता. आई चहाचा कप घेऊन आली, माझ्याकडे पाहून तिचा जीव भांड्यात पडला. "काल किती उशीर केलास," ती म्हणाली. "कुणी एक माणूस येऊन बसला होता. जायचं नावच घेईना."

माझं काम थंडीतलं. बाजाराच्या मागे फुलांचं शीतगृह आहे, त्याची देखरेख माझ्याकडे. बाहेर डांबर वितळत असलं तरी आत बोटं आखडतील इतका गारवा, लांबच लांब मांडण्या, त्यांवर बादल्या, बादल्यांत गुलाब, लिली, कार्नेशन. फुलं इथे जगतही नाहीत आणि मरतही नाहीत, थांबून राहतात. लग्नं आणि मयतं दोन्हीकडून मागणी आली की बाहेर पडतात. इथे सगळा कारभार न दिसणाऱ्या गोष्टींचा. एकदा कुणाच्या तरी कोटाच्या खिशात अर्धं खाल्लेलं सफरचंद राहिलं आणि कोट आत राहिला. दुसऱ्या दिवशी त्या मांडणीवरची कार्नेशनची फुलं मिटून गेली होती, सगळी, डोळे मिटल्यासारखी. पिकणारं फळ एक वायू सोडतं, त्याला ना धड वास ना रंग. फुलाला तो निरोप पोचतो आणि फूल मान टाकतं. तेव्हापासून मी दारात प्रत्येकाचे खिसे तपासतो आणि हमाल मला पाठीमागे फौजदार म्हणतात. त्यांचा म्होरक्या, ज्याला आम्ही कप्तान म्हणतो, तो एकदा म्हणाला होता, "साहेब, तुम्ही आत असलात की कसे माणसात असता, गप्पा काय मारता, हसता काय. बाहेर उन्हात आलात की तोंड पाडून बसता. थंडी मानवते तुम्हाला." आम्ही दोघंही हसलो होतो. आत होतो, त्यामुळे माझंही हसू दिसलं असणार.

डॉक्टरबाईंकडे मी गेलो तो पापणीसाठी. संध्याकाळी डावी पापणी उतरायची, आवाज नाकातून यायचा, जेवताना जबडा इतका दमायचा की हनुवटीखाली हात धरून घास चावावा लागायचा. बाईंनी मला छताकडे एकटक बघायला लावलं. मी बघत राहिलो आणि पापणी हळूहळू खाली आली, दुकानाचं शटर कुणी ओढावं तशी. त्यांनी अंगठ्यानं ती उचलून पाहिली आणि मला एकदम आई आठवली. लहानपणी मी झोपेचं सोंग घेऊन पडायचो, तेव्हा तीही अशीच अंगठ्यानं पापणी उचलायची, आणि आतला डोळा तिच्याकडे टकामका बघताना सापडला की मी फुटलोच हसून. बाईंनी रबरी हातमोज्यात बर्फ भरला, गाठ मारली आणि तो फुगलेला गार पंजा माझ्या डोळ्यावर ठेवला. मग काढून म्हणाल्या, "उघडा." आणि डोळा उघडला, टक्क, सकाळी उघडतो तसा. त्यांना आनंद झाला. मला का कोण जाणे अंगावर काटा आला. आपल्या चेहऱ्यावर आपल्यापेक्षा बर्फाचं जास्त चालतं हे काही बरं वाटण्यासारखं नव्हतं.

"नस स्नायूला चिकटलेली नसते," बाई म्हणाल्या. "मध्ये एक बारीक फट असते. हुकूम आला की नस त्या फटीत एक रसायन सोडते. पलीकडे स्नायूवर ते झेलायच्या जागा असतात. झेललं की स्नायू आवळतो. आणि फटीतच समजा एक झाडूवाला असतो, तो लगोलग सगळं झाडून टाकतो."

"झाडून कशाला टाकायचं?"

"नाहीतर पुढचा निरोप नवा आहे हे कळणार कसं? तुमच्या बाबतीत काय झालंय, शरीराच्या पहारेकऱ्यांनी त्या झेलायच्या जागांनाच चोर समजून मोडायला घेतलंय. निरोप निघतोय बरोबर, पोचतोय कमी. पहिले दोन-चार पोचतात, मग दम संपतो. थंडीत झाडूवाला आळसावतो, रसायन फटीत जरा जास्त टिकतं, म्हणून बर्फानं पापणी उघडली. मी देतेय ती गोळी तेच करते, झाडूवाल्याचा हात धरते. पहारेकऱ्यांना शांत करायची गोळी वेगळी, तिला महिने लागतील."

"मग ही पहिली जरा जास्त घेतली तर?"

बाईंनी चष्मा काढला. "तिथेच लोक फसतात. जास्त झाली तर निरोप फटीत साचून राहतात. तेच तेच ऐकून स्नायू बधिर होतो आणि अशक्तपणा अगदी असाच येतो. पापणी अशीच पडते, आवाज असाच जातो, श्वाससुद्धा. कमी पडली की जास्त झाली, तुम्हाला आतून ओळखता येणार नाही. तोंडाला सारखं पाणी सुटलं, पोटात कळा आल्या, कातडीखाली फडफड झाली, की गोळी थांबवायची आणि मला फोन करायचा. स्वतःची अक्कल चालवायची नाही." मी मान हलवली. मान तेव्हा व्यवस्थित हलत होती.

आईला मी हे सगळं एका सकाळी सांगितलं, चेहरा ताजा असताना, सावकाश, तिच्यासमोर बसून. ती एकेक शब्द वाचत होती. मी आजारी आहे, संध्याकाळी माझा चेहरा हलत नाही, तो येतो तो मीच असतो. तिनं माझा हात हातात घेतला, डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो. त्या संध्याकाळी मी दिवा लावला, तिनं दार उघडलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळहळत म्हणाली, "त्यानं सांगितलं मला सकाळी. आजारी आहे हो तो. म्हणून तुम्हाला पाठवतो का?" मी तोंड उघडलं. माझ्या तोंडातून जे निघालं ते मलाच कळलं नाही, तिला काय कळणार. तिला वेड लागलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. ती हिशेबी बाई आहे, भाजीवाल्याला कधी फसली नाही. तिच्यासाठी माणूस म्हणजे त्याचा चेहरा, आणि जे समोर दिसत होतं तेच ती वाचत होती. सकाळी एक माणूस जातो, संध्याकाळी दुसरा येतो. जो जातो तो हसरा, तिचा. जो येतो तो त्याचे कपडे घालून येतो.

आणि खरं सांगायचं तर मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं. कामावरून निघताना शीतगृहाचं दार मागे बंद व्हायचं, ऊन अंगावर यायचं आणि वाटेत कुठेतरी बदल व्हायचा. कुठे ते मला कधी पकडता आलं नाही. पुलाच्या अलीकडे मी पेपरवाल्याला मान डोलवायचो तो मी असायचो. पुलापलीकडे दुकानाच्या काचेत कुणीतरी माझ्या बरोबरीनं चालत असायचा, ओठ किंचित उघडे, एक डोळा अर्धा, आणि मी थांबलो की थांबायचा. तो दुष्ट नव्हता. तो फक्त ऐकत होता. मी आतून सांगायचो, हस, आणि तो ऐकायचा, नीट ऐकायचा, आणि पुढे काही करायचा नाही. आईसमोरच्या खुर्चीत आम्ही दोघं बसायचो. ती त्याला पाणी द्यायची, अहो-जाहो करायची, त्याची नजर चुकवून दाराकडे बघायची, मध्येच उठून दिव्याकडे बघायची. माझीच वाट बघताना तिला मी रोज बघत होतो. इतकी काळजी तिला माझी वाटत असेल हे मला चेहरा होता तोवर कधी कळलं नव्हतं. एकदा तिनं धीर करून त्याला विचारलं, "तो जेवतो ना तिकडे?" त्यानं काहीच सांगितलं नाही. मी ओरडत होतो.

म्हणून मी अक्कल चालवली. संध्याकाळची गोळी होती, तिच्या आधी एक जास्तीची घेतली. पहिल्या दिवशी दारात माझे ओठ जरा हलले असावेत, कारण आई थबकली, जवळ आली, वास घेतल्यासारखं काहीतरी केलं आणि मागे सरली. एवढ्यानं मला हुरूप आला. मग दुपारची एक. मग सकाळचीही. पण झालं भलतंच. सकाळचा मीही येईनासा झालो. उठायचो तो पापण्या जड, उशी थुंकीनं ओली. आई चहा घेऊन यायची आणि दारातच उभी राहायची, दोन्ही हातांनी कप धरून. दुपारी शीतगृहात चेहरा परत यायला वेळ लागायला लागला. मी ते उन्हाळ्यावर ढकललं आणि गोळी वाढवली.

त्या दिवसांत दाराबाहेर उभा असताना मला सारखी एक जुनी गोष्ट आठवायची. मी शाळेत होतो, दुपारी घरी आलो, बटण दाबलं, दार उघडेना. पुन्हा दाबलं. लाथा घातल्या, ओरडलो, पण ऐकणार कोण. आत दिवा लागलेला दाराच्या फटीतून दिसत होता, आणि तरी आई येत नव्हती. मला वाटलं ती आत मरून पडली. मग मी थकून पायरीवर बसलो, रडून रडून गप्प झालो, आणि दार आपोआप उघडलं. "आलास?" आई म्हणाली. कुणीतरी पोरानं बटणात काडी खुपसून ठेवली होती, ते सकाळपासून दाबलेलंच राहिलं होतं. तिन्ही दिवे सकाळपासून लागलेले. आधी आई दोन-तीनदा दारापर्यंत येऊन गेली, मग तिला ते दिवे दिसेनासे झाले. मी लाख दाबलं असतं तरी आत काहीच बदललं नसतं. "मग उघडलंस कसं?" मी विचारलं. तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुझी वेळ झाली होती," ती म्हणाली.

ताई शनिवारी आली. माझ्यापेक्षा मोठी, दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते, मुलांना आणि आम्हाला एकाच आवाजात दटावते. आईनं तिला दारातच मिठी मारली आणि माझ्याकडे बोट न दाखवता, नुसत्या भुवयांनी, दाखवलं. बघ, हाच. मग तिला आत नेऊन आपल्या सपाट आवाजात, आपण कुजबुजतोय असं तिला वाटतं त्या आवाजात, म्हणाली, "तुझा भाऊ आठवडाभर आला नाही गं. काहीतरी केलं यानं त्याचं." मी बाहेरच्या खोलीत होतो. मला सगळं ऐकू आलं. ताई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"तुझा काही दोष नाही रे," ती म्हणाली. "पण ती रात्री दाराला खुर्ची लावून झोपते, माहितीये तुला? उद्या दुपारच्या गाडीनं नेते मी तिला. तू बरा झालास की बघू."

"तिला तिकडे माझं तोंड कोण..." मी म्हणालो. पुढचे शब्द घशातच विरघळले.

"काय? नीट बोल ना, राजा."

मी कागदावर लिहून दाखवलं असतं, पण मला लिहायचं नव्हतं. मला माहीत होतं, आई एकदा गेली की तिच्यासाठी मी हरवलेला मुलगा होणार, आणि बरा होऊन महिन्यांनी तिच्यासमोर उभा राहिलो तरी ती माझ्यात त्या दुसऱ्यालाच शोधणार. ती जाण्याआधी तिनं मला एकदा बघायला हवं होतं. आणि मी अजून कुठे असेन तर शीतगृहात असेन. सकाळी मी ताईला कसंबसं सांगितलं, स्टेशनच्या वाटेवरच आहे, पाच मिनिटं चल, आईला फुलं दाखवू. ताई घड्याळ बघून हो म्हणाली. आई म्हणाली, "त्याच्या कामाची जागा? तो असेल तिथे?" तिनं केस पुन्हा विंचरले.

मी सकाळी गोळ्या घेतल्या होत्या, निघण्याआधी पुन्हा घेतल्या, आणि टॅक्सीत उन्हानं मान कलायला लागली तेव्हा खिडकीकडे तोंड करून अजून एक. घोट घेताना पाणी नाकातून आलं. तोंडाला पाणी सुटत होतं, रुमाल भिजला होता, पोटात पीळ पडत होता. मी स्वतःला समजावलं, भीतीनं होतं असं. रविवार असल्यामुळे शीतगृहात फक्त कप्तान होता. त्यानं आईला आपला जाडा कोट घातला. कोट तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. ताईला थंडीनं दम्याचा त्रास होतो, ती बाहेरच्या खोलीत काचेमागे थांबली. मी सवयीनं आईच्या कोटाचे खिसे तपासले. मग जाड दार ओढलं आणि आम्ही दोघं आत गेलो.

आईनं आधी भिंतीला हात लावला. "घुमतंय इथे काहीतरी," ती म्हणाली. यंत्राची घरघर तिला तळहातातून ऐकू आली होती. मग ती मांडण्यांमधून चालायला लागली, बादल्यांकडे बघत, मागे वळून माझ्याकडे न बघता. मांडणी संपली की कोपऱ्यावरून वाकून पाहायची. ती मला शोधत होती. एवढ्या फुलांमध्ये, आपल्याला दिसेल अशा ठिकाणी मी कुठेतरी काम करत असेन अशी तिची खात्री होती. तिचा श्वास वाफ होऊन पुढे जात होता. शेवटच्या मांडणीपाशी, पांढऱ्या लिलींजवळ, मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि थंडीची वाट बघायला लागलो. इतके महिने ती कधी चुकली नव्हती. गालांना आधी मुंग्या यायच्या, मग पापणी उचलली जायची, मग ओठांचे कोपरे, आणि मग मी असायचो. मी उभा राहिलो. गारवा कातडीवर आला, कातडीतून आत गेला आणि आत कुणीच नसल्यासारखा नुसता पसरत राहिला. मला थंडीत घाम फुटला. पापण्या खाली येत होत्या. हस, मी म्हटलं. मी सगळं हसू एकवटून पाठवलं, पाळण्यातलं, शाळेतलं, झोपेच्या सोंगातलं, आणि माझ्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त गालाच्या कातडीखाली बारीक बारीक फडफड सुरू झाली, चादरीखाली मांजर सरकावं तशी, इकडे, तिकडे, पुन्हा इकडे.

आईला ती दिसली. ती घाबरून मागे जाईल असं मला वाटलं. तिनं हात पुढे केला, तोच तळहात, भिंतीवर ठेवलेला, आणि माझ्या गालावर ठेवला. डोकं एका बाजूला कललं, ऐकू येणारी माणसं बंद दाराला कान लावतात तसं. तळहाताखाली फडफड चालूच होती.

"आत कोण आहे?" तिनं विचारलं.

मी सांगायला गेलो. पुन्हा गेलो. पुन्हा. श्वास आखूड होत होता, छातीवर कुणी हळूच बसल्यासारखं, आणि प्रत्येक वेळी मी अजून जोरानं सांगायला जात होतो, आणि मग मला ती पायरी आठवली. दाराच्या फटीतून दिसणारा, सकाळपासून लागलेला दिवा. बटण दाबलेलंच होतं. काडी मीच खुपसली होती, गोळी गोळी करून. निरोप आत साचून चिखल झाला होता आणि मी अजून दाबत होतो. डॉक्टरबाईंचे शब्द मला शब्दशः माहीत होते आणि मी ते आत्ता पहिल्यांदा ऐकले. काचेमागे ताई होती. तिच्याकडे पाहायला मान वळेना. भीती वाटली, साधी, लहान मुलाची, पायरीवर वाटली होती तीच. मग मी तेव्हा केलं होतं तेच केलं. दाबायचं सोडून दिलं. हसायचं सोडलं, बोलायचं सोडलं, चेहरा त्याच्याकडेच सोडून दिला आणि आत गप्प बसून राहिलो.

पापण्या मिटल्या. अंधारात गालावरचा हात तेवढा राहिला. मग तो सरकला, गार अंगठा पापणीवर आला आणि त्यानं ती उचलली. आईचा चेहरा अगदी जवळ होता, नाकाला नाक लागेल इतका. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती डोळ्यात बघत होती, आत, आणि मी आतून तिच्याकडे बघत होतो, आणि त्या डोळ्यात वाचण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं हे मला माहीत होतं.

"आलास?" ती म्हणाली.

आणि उत्तराची वाट न बघता, रोज दारात व्हायची तशी, ती जरा बाजूला झाली, मला वाट देण्यासाठी. माझे गुडघे तेव्हाच गेले. पडता पडता बादल्या कलंडल्या, लिलींचं गार पाणी अंगावर आलं, आणि वरून आई आपल्या मोठ्या सपाट आवाजात ताईला हाक मारत होती, लवकर ये गं, अगं हा आत आहे, कुणाला तरी बोलाव, हा आत आहे.